सात उतरेपर्यंत

भालोदहून निघताना वडिलांनी
स्कूटरचं मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं.
हवा ठीक होती.
पुढचंही पाहिलं.

विदगावच्या पुलावर केळीचे ट्रक अडकलेले,
खाली तापी, जानेवारीतली, आखडलेली,
आणि हे मागे बसून माझ्या हेल्मेटला सांगतायत
की जुनी सगळी काढली म्हणे,
सातच्या सात.
एक कुठल्याशा कॉलेजच्या फाटकात उभं करतील,
दोन सुट्या भागांना जातील,
बाकीची...
बाकीचं वाऱ्यात गेलं,
किंवा त्यांनी सांगितलंच नाही.

गावात टोपलूदादा. तिकडे सार्जंट टी. डी. नेहेते,
एअरफ्रेम फिटर, एकोणीस वर्षं,
चार नंबरचं विमान.
चार नंबर उडतो पुढच्याच्या पोटाखाली, मागे,
सगळ्यांचा धूर खातो,
म्हणून शेपूट काळं.
रोज संध्याकाळी शिडी लावून ते शेपूट पुसायचे.
आई सांगायची, लग्नानंतर वर्षभर
ह्यांच्या शर्टाची कॉलर मी दगडावर आपटत होते,
मला वाटायचं माझाच साबण वाईट.

शेवटी शेवटी पंखाच्या मुळाशी
केसाएवढी चीर दिसायची भिंगातून.
भिंग बाजूला केलं की नसायची.
एकाचा पंप दुसऱ्याला, दुसऱ्याची नळी तिसऱ्याला,
एक गोधडी उसवून दुसरी शिवावी तसं.
आणि सकाळी सहाला फॉर्मवर सही:
उड्डाणास योग्य.

ती सही मी रोज पाहते,
केळीच्या काटापट्टीवर, गॅसच्या पुस्तकात.
नावाखाली दोन टिंबं.
एक तपासल्याचं,
एक पुन्हा तपासल्याचं.

कुसुंब्याच्या माळावर सगळा जिल्हा लोटलेला.
बोरं, फुगे, कागदी टोप्या,
बांधापलीकडे कुणीतरी पऱ्हाटी पेटवून
भरताची वांगी टाकलेली,
धूर आधी तिथूनच वर गेला.
मग सातपुड्याच्या अंगाने
ती आली.

नवी. चोच लांब, आवाज पातळ,
जुन्यांसारखा घशात खरखरणारा नाही.
पोरं किंचाळली. लाऊडस्पीकर हिंदीत काहीतरी म्हणाला.
सात एकाच वेळी उलटी झाली
आणि पोटं उन्हाला दाखवून गेली.

मी वडिलांकडे पाहिलं. रुमाल तयार ठेवला होता मी.
पण ते मान मोडेस्तोवर वर बघत होते,
तोंड उघडं,
पुढ्यातल्या खांद्यावरच्या पोरासारखे.

"कधी पाह्यलंच नव्हतं मी."
एकोणीस वर्षांत?
"वर पाहून कसं चालीन पोरी?
मी धावपट्टीकडे पाहायचो.
सात उतरेपर्यंत."

दोराच्या पलीकडे, डांबराच्या कडेला,
कानांवर मफ लावलेला एक पोरगा उभा होता,
पंचविशीचा, नव्या कोऱ्या डांगरीतला.
अख्ख्या माळावर आकाशाकडे पाठ केलेला
तो एकटा.
वडिलांनी त्याला बराच वेळ पाहिलं.
हात अर्धा उचलला, मग खिशात घातला.

उतरायला लागली तेव्हा
त्यांचे ओठ हलत होते.
चार. पाच. सहा.
सातवं उतरलं नाही, पुन्हा एक वळसा घेतला,
लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो खेळ वाटला,
आणि माझ्या खांद्यावर वडिलांची बोटं
हाडापर्यंत गेली.

टेकलं.

बोटं सैल व्हायला जरा वेळ लागला.
मग स्कूटरकडे चालताना, मागे न बघता:
"चार नंबरचं शेपूट पाह्यलं का?
गोरंपान आहे अजून.
दोन महिने जाऊ दे म्हणा त्याले."