रांजण धुताना

मिरियान जन्मला त्या सुगीत
शाक्रोने द्राक्षं तुडवून रस रांजणात ओतला.
रांजण आज्याच्या वेळचा, मानेपर्यंत जमिनीत पुरलेला.
तोंडावर दगडी झाकण, झाकणावर ओली माती,
आणि मातीवर तळहात ठेवून तो बोलला होता:
पोराच्या लग्नातच उघडायचा.

मग एकतीस वर्षं
दर शनिवारी मातीवर पाणी शिंपडणं,
भेग पडू नये म्हणून.
शिंपडताना मनात पंगती बसवणं,
अक्रोडाखाली मामेभाऊ, भिंतीकडेला व्याही.
व्याह्यांना चेहरे नव्हते अजून,
पण त्यांची चेष्टा कोणत्या शब्दांत करायची
तेही ठरलं होतं.

मिरियान पोलंडात ट्रक चालवतो.
रविवारी फोन येतो, मागे चाकांची घरघर.
परवाच्या रविवारी म्हणाला, बाबा,
मी लग्न करणार नाही.
कुणावर राग नाही. बरा आहे मी.
शाक्रोने विचारलं, जेवलास का?

त्या शनिवारी त्याने पाणी शिंपडलं नाही.
मातीला केसाएवढी भेग गेली.
शेजारच्या त्सिआलाने कुंपणावरून पाहिली, बोलली नाही.

मंगळवारी, सण नाही की वार नाही,
शाक्रो कुदळ घेऊन आला.
झाकण सरकलं तेव्हा आधी नुसता वास वर आला,
एकतीस वर्षं कोंडलेल्या कुणाने
आळस द्यावा तसा.
वरची हातभर आंबली होती.
त्सिआलाने ती बुधल्यांत भरून घेतली,
म्हणाली, लोणच्याला चालेल.
खालची मात्र काळ्या चहासारखी दाट, शांत.

प्यायला कोण? त्सिआला, तिचा बहिरा दीर,
आणि विजेचा मीटर बघायला आलेला पोरगा,
जो सारखा म्हणत होता, मला अजून चार घरं आहेत.
शाक्रो शिंग भरून उभा राहिला.
लग्नासाठी घोकलेलं लांबलचक भाषण
ओठांशी आलं, आणि बघतो तर
त्यातलं एकही वाक्य आजच्या मापाचं नव्हतं.
तो म्हणाला, आज मंगळवार आहे.
सगळे प्याले. बहिरा दीर सर्वांत आधी.

उरलेली गावात वाटली, तांब्या तांब्याने, तीन दिवस.

मग धुणं. चेरीच्या सालीचा कुंचा
लांब काठीला बांधून
तो रांजणाच्या पोटात फिरवतो,
बादली सोडतो, गढूळ पाणी उपसतो, पुन्हा सोडतो.
बापाने शिकवलेलं: धुवण पिता येईल
तोवर रांजण धुतला म्हणायचं नाही.
मधेच वाकून आत हाक मारली,
स्वतःच्याच नावाने.
हाक गोल फिरून परत आली,
जाताना होती त्याहून हलकी.

सातव्या बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, प्यायला.
पाण्यासारखंच लागलं.

यंदा काय भरणार यात? त्सिआलाने विचारलं.
तो ओल्या बाह्या पसरून उन्हात बसला होता,
रांजणाचं तोंड उघडंच,
त्यात दुपारचं थोडं आभाळ.
बघू, म्हणाला,
आणि खरोखरच बघत बसला.