कलिंग, तोसलीचा खडक

राजाचा माणूस मोठ्यानं वाचतो,
नंदिक खडकावर उतरवत जातो:
विहिरी, औषधं, वाटेवरची झाडं.
‘लेकरं’ या शब्दापाशी छिन्नी घसरते.

दया नदीपलीकडे त्याची दोन.
त्या वर्षीची.

दुपारी मीठ-भात खाताना विचारतो:
ऐकलंय, दूरच्या खडकांवर
राजानं लिहिलंय, त्याला फार वाईट वाटलं.
ते इथं कधी यायचं?

माणूस भूर्जपत्र उलटंपालटं करतो.
“इथल्यासाठी तेवढं दिलेलं नाही.”

नंदिक हात झटकतो.
उरलेल्या ओळी खोल, सुबक कोरतो;
मजुरी अक्षरावर आहे.
शेवटी मात्र चार बोटं जागा
कोरीच ठेवतो, घासून गुळगुळीत.

कुणी विचारलं तर सांगेल,
दगड तिथं कच्चा होता.