शून्य लिहिण्याची पद्धत

वर बसून मी फक्त आकडे लिहिते.
भिजला तरी न फाटणारा कागद,
दोऱ्याने बांधलेली पेन्सिल,
आणि कानामागची नेमकी जागा शोधणाऱ्या
फियोर्डलँडच्या वाळूमाश्या.

इथे समुद्रावर गोडं पाणी तरंगतं,
रानाने गाळून पाठवलेलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
ऐल्सा त्यातून खाली जाते
तेव्हा आधी तिचे हात तांबूस होतात,
मग ती नसते,
मग नुसते बुडबुडे.
तेओती इंजिन बंद करून त्यांच्यावर नजर ठेवतो.
एकसष्टीचा माणूस;
शब्दही डिझेलसारखे जपून वापरतो.

खाली चालते ती निंदणीच.
खडकाला घट्ट धरून बसलेलं एकेक रोप
बोटांनी चाचपायचं,
मुळाच्या मुठीखाली सुरी सरकवायची
आणि त्याच्यावर पिशवी चढवायची,
झोपलेल्या बाळाला टोपडं घालावं तशी.
हिसका बसला तर
बुडाशी असलेली चुण्यांची झालर
लाखो बीजं सोडून देते
आणि काढायला गेलेले आपण
पेरून परत येतो.

जहाजाच्या बुडाला चिकटून आलं म्हणतात.
कुणी बोलावलं नाही, कुणी पाठवलं नाही.
जपानात ते सुपात घालतात.
इन्व्हरकारगिलच्या एका हॉटेलातही मिळतं;
तेओती मुद्दाम मागवतो, वाटी पुसून खातो.
"हे तरी संपतं," म्हणतो.

पहिल्या महिन्यात एक हजार आठशे बारा.
मग चारशे तीन.
मग एकोणसत्तर.
मग वादळ, बोट बंदरातच, नोंद नाही.
(नोंद नाही म्हणजे शून्य नाही,
हे ऐल्साने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.)
मग सात. मग एक.
मग शून्य.

शून्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.
हजार काय, कुणीही मोजेल.
शून्यासाठी प्रत्येक कपारीत हात घालावा लागतो,
प्रत्येक शिंपल्यामागे दिवा फिरवावा लागतो,
आणि तरीही वर आल्यावर ऐल्सा
"नाही" म्हणत नाही.
"मला दिसलं नाही," म्हणते.

अशी अकरा शून्यं झाली.
बाराव्याला कचेरीकडून केक येणार होता,
त्यावर काय लिहायचं यावरून
दोन ईमेलही येऊन गेल्या होत्या.

त्या दिवशी ती लवकर वर आली.
हातात पिशवी, पिशवीत तळहाताएवढं एक पान,
पिवळसर, मधोमध शीर,
कोवळं. देखणंसुद्धा.
"कुठल्या खडकावर?" मी विचारलं.
तिने खडकाकडे पाहिलं नाही.
आम्ही बोट बांधतो त्या तरांडीकडे पाहिलं,
तिच्याखाली उतरणाऱ्या दोराकडे.

नवा दोर महाग, म्हणून बंदरातला जुना घेतला होता.
मीच गुंडाळून आणला होता.
ओला.

संख्या: एक.
जागा: इथे पेन्सिल थांबली.
ऐल्साच्या केसांतून पाणी ठिबकत होतं,
ती काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली.
"लिही," ती म्हणाली, "आमचा दोर."
आमचा म्हणाली. तुझा नाही.

तेओतीने दोर वीतवीत करून वर घेतला,
गोणीत भरला, गोणीला दोन गाठी मारल्या.
मग बोट कड्यावरून पडणाऱ्या पाण्याखाली नेली
आणि पिंप भरेपर्यंत तिथेच धरून ठेवली.
तिघंही चिंब झालो.
गोड्या पाण्यात गोणी बुडवून
तिच्यावर त्याने नांगराची साखळी ठेवली,
वर येऊ नये म्हणून.

परतताना कुणी बोललं नाही.
धक्का दिसू लागला तेव्हा
तेओतीने पुढच्या महिन्याची तारीख सांगितली.
मी नवं पान काढलं,
वर तारीख घातली,
आणि आकड्याची जागा
मोकळी ठेवली.