बारा मिलिमीटर हवा

ढाईगुडे एक डबा घेऊन आला.
डब्यात गजर, डब्याला खिडकी.
एकेरी काच सरकवली, गजर वाजतच राहिला,
दुहेरी सरकवली
तर बादलीत बुडवल्यासारखा झाला.
“दोन काचा, मधे बारा मिलिमीटर हवा,
कोरडी, सीलबंद. सगळी करामत त्या हवेची.”
म्हणजे पैसे हवेचे? मी विचारलं.
तो हसला. हा प्रश्न त्याला
कोथरूडपासून धायरीपर्यंत सगळ्यांनी विचारला असणार.

सगळ्या घराचे एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
नुसत्या झोपायच्या खोलीचे सेहेचाळीस.
वर जीएसटी, तो हळू आवाजात.

आमचा दुसरा मजला. सिंहगड रोडवर पूल झाला
आणि रस्ता उठून आमच्या उंचीला आला.
आता दुचाकीवरची माणसं
आमच्या दोरीवरचे टॉवेल ओळखतात.
बस जोडावरून गेली की
कपाटातल्या वाट्या एकमेकींच्या कानाला लागतात.

हेमांगीची रात्रपाळी.
सकाळी नऊला येते, मोजे काढते,
दहा ते चार झोपते, म्हणजे पडते.
कानात कापूस, डोळ्यांवर माझा जुना मफलर,
आणि खाली कुणीतरी रिव्हर्स घेत असतो,
अर्धा तास, एकच गाडी, तोच सूर.

पतपेढीत सत्तावीस वर्षं मी लोकांचं व्याज काढलं.
पाकिटाच्या पाठीवर मांडलं:
सहा तास, महिन्याला बावीस दिवस, दहा वर्षं,
पंधरा हजार आठशे चाळीस तास झोप.
तासाला दोन रुपये नव्वद पैसे.
एवढ्यात मंडईत स्कूटरही लावू देत नाहीत.

ती मेथी निवडता निवडता म्हणाली,
“मी चार वर्षांत रिटायर होते.”
पुन्हा मांडलं. सात रुपये सव्वीस पैसे.
“उन्हाळ्यात खोलीही गार राहते म्हणे.”
“गार तर ओल्या पडद्यानेही राहते.
आणि नदीकाठच्या ढोलांचं काय?”
ढाईगुडे प्रामाणिक माणूस. म्हणाला होता,
खर्ज भिंतीतून येतो, त्याला काच काय करणार.

तरी बसवली.
चेअरमन गुर्जरपाध्ये यांची तीन पत्रं
(दर्शनी भागाचा रंग बदलता कामा नये),
दोन पोरं, एक दिवस, डाळीच्या डब्यापर्यंत धूळ.
मग हँडल खाली, आणि रस्ता बंद.
पूल समोर दिसत होता.
बस येत होती, जात होती,
भांडण झाल्यावर नवरा-बायको घरात वावरतात तशी.

पहिल्याच दुपारी बारा वाजता
हेमांगी दचकून उठली, अनवाणी दारापर्यंत धावली.
मी लाटणं हातात घेऊन उभा.
“काय झालं?”
“काही ऐकूच येईना.”
मग बसली. पाणी प्यायली.
“आयसीयूत असं गप्प झालं ना,
की आम्ही धावतो.”

दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या दिवशी सेहेचाळीस हजारांची खिडकी
मी एक बोट उघडली.
फटीतून पूल आत आला, दोऱ्याएवढा.
एक हॉर्न, एक ब्रेक, लांबवर आंबेवाला,
जग चालू आहे एवढं कळावं, अंगावर येऊ नये.
ती झोपली. साडेचारला हाक मारावी लागली.

मेहुणा म्हणाला, मग जुनी काय वाईट होती?
जुनी बंद केली तरी उघडीच असायची, मी म्हटलं.
त्याला ते पटलं नाही. मलाही निम्मंच पटलं.

परवा ढाईगुडेचा फोन. समाधानी आहात ना, काका?
हो म्हणालो.
आवाज किती येतो?
हवा तेवढा.

त्याने बहुतेक लिहून घेतलं.
पाकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे.
एक बोट फट त्या हिशोबात
जमेला धरायची की खर्चाला,
सत्तावीस वर्षांच्या सवयीलाही सुटत नाही.
पावणेचार झाले. दूध तापायला ठेवतो,
पातेलं न वाजवता.