बारावी जागा

टॉवेलच्या कारखान्यातली जुनी हिशेबवही.
उरलेल्या पानावर एक ते बारा आकडे टाकले.
वर्षाला बारा कादंबऱ्या.
पैज माझीच, माझ्याशीच.

अशोक चौकातल्या वाचनालयात येमूल म्हणतात,
"जाड घ्या, वर्गणी वसूल होते."
मी मागचा तारखांचा कागद बघते.
जिच्यावर शेवटचा शिक्का ब्याण्णव सालचा
ती पहिली.
दुसरीत पान एकशे चाळीसवर
कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, "खोटं!"
काय खोटं ते बघायचंय.
एप्रिलसाठी एक पातळ,
त्रेचाळीस अंशांत जाड पुस्तक मांडीला चिकटतं.
समुद्राची एक. समुद्र मी दोनदाच पाहिला.
खुनाची एक, नणंदेपासून लपवून.

अकरापर्यंत आकडे पटापट भरले.
आई विड्या अशाच मोजायची,
पंचवीसचा कट्टा, बोटं पुढे, डोळे भलतीकडे,
आणि तोंडानं तेलुगूत गोष्ट.
तिच्या गोष्टीतला राजासुद्धा
तंबाखूनं खोकायचा.

बाराव्यापाशी पेन थांबलं.
येमूलांनी खालच्या कप्प्यातून
धूळ फुंकून एक काढली.
गोल गोल अक्षरं,
सुपातली कापलेली पानं कडेनं वळतात तशी.
घरात रोज बोलते ती भाषा.
वाचता येत नाही.

"जमेल का हो?"
"मुदत पंधरा दिवस," ते म्हणाले,
"पण हिला कोण मागतंय?"

परतताना तेलुगू अंकलिपी घेतली,
दुकानदाराला सांगितलं, नातीसाठी.
रात्री वहीत बाराव्या आकड्यापुढे
पहिलं अक्षर काढलं.
शेपूट उलटीकडे गेली.