लिहून देणार, लिहून घेणार

मोर्शीच्या तहसिलीसमोर, कडुलिंबाखाली माझं टेबल.
एक पाय विटेवर.
सव्वीस वर्षांत वाटण्या लिहिल्या, खरेद्या, बक्षीसपत्रं,
आणि सोडचिठ्ठ्या तर इतक्या
की मजकूर बोटांनाच पाठ.
पण लग्नाच्या आधी कोणी आलं नव्हतं.

ही दोघं आली मंगळवारी, बाजाराच्या पिशव्या घेऊन.
पंचफुला इंगळे, वय एक्केचाळीस, विधवा, धंदा शिवणकाम.
देविदास खंडारे, वय सत्तेचाळीस, विधुर, पंपदुरुस्ती.
"रविवारी विहारात लग्न हाये," ती म्हणाली,
"त्याच्या आंधी कोनाचं काय, ते लिहून टाका."

मी चष्मा पुसला. सांगायचं ते सांगितलं.
बाई, मी वकील नाही.
असा कागद कोर्ट मानेलच, असं नाही.
मेल्यानंतरचं ठरवायचं तर मृत्युपत्र वेगळं,
आणि मी लिहिलं म्हणून पोटगीचा हक्क कोणाचा जात नाही.
"कोर्टाले कोन दाखवते?" ती म्हणाली.
"आमी आमाले दाखवू."

शंभराचे स्टॅम्प बंद झालेत, पाचशेचा लागतो.
अडीचशे तिनं मोजले, अडीचशे त्यानं.

वर लिहावं लागतं: लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक.
पेन तिथंच अडलं.
देणार कोण यातलं?
लग्नाच्या याद्या मी पाहिल्यात,
त्यात हे न लिहिताच ठरलेलं असायचं.
"दोघायचंही नाव दोन्हीकडं घाला," देविदास म्हणाला,
जसा काही पंपाचा वायसर बदलायला सांगत होता.

शिलाई मशीन तिची. पिको-फॉलचे पैसे तिच्याच खात्यात.
संत्र्याची ऐंशी झाडं तिच्या मुलीची, श्रावस्तीची;
बहार कोणीही तोडो, पैसा तिच्या शिक्षणाला.
दोन खोल्या त्याच्या, ग्रामपंचायतीच्या उताऱ्यासकट.
मग तो खाली बघत म्हणाला,
"पतसंस्थेचं कर्ज. बावन्न हजार. माह्यं एकट्याचं, लिवा."

ती वळली.
"हे मले सांगतलं नोतं तुमी."
"म्हून तं आलो इथी."

कडुलिंबाच्या दोन-चार काड्या कागदावर पडल्या.
मी फुंकून उडवल्या. तेवढंच काम होतं मला.
शेवटी ती म्हणाली, "लिवा. बावन्न."

मग तिची पाळी.
"श्रावस्तीच्या बाबाचा फोटो मी संग आनीन. भिंतीवर लावीन."
"कोनत्या भिंतीवर?"
"समोरच्या."
हे कोणत्या कलमात बसवू, मी विचारलं नाही.
तो चहाचा ग्लास हातात फिरवत राहिला, रिकामाच.
"मंग शेवंताचाही लावतो," म्हणाला.
"पन तिचा फोटो नाही. निस्तं मतदान कार्ड हाये."
"ते मोठं करून देते स्टुडिओवाला," पंचफुला म्हणाली.
"मी घेऊन जाईन."
कलम सहा.

अडलं ते म्हशीवर.
म्हैस तिची, त्यात वाद नाही. पण गाभण.
वगार झाली तर ती लग्नानंतरची. कोणाची?
"मायच्या मांग वासरू," तो म्हणाला, "तुही."
"वैरन तुमची, गोठा तुमचा. तुमचीच," ती म्हणाली.
चहावाला मध्ये पडला, त्याला दोघांनी बसवलं.
असं भांडण मी टेबलावर पाहिलं नव्हतं,
जो तो दुसऱ्याच्या पदरात टाकतोय.

सात नंबर घातला, पुढं काही सुचेना.
आमच्या धंद्यात कोरी जागा सोडत नाहीत.
आडवी रेघ मारतात,
मागून कोणी काही घुसडू नये म्हणून.
मी पट्टी ठेवली, तर दोघांचेही हात कागदावर.
"राहू द्या."

सह्या झाल्या. साक्षीदार चहावाला आणि मी.
घरी येऊन दोनदा उठलो रात्री,
असा उघडा कागद कधी हातातून दिला नव्हता.

म्हैस फाल्गुनात व्यायची आहे.