पट्टा आधी, सुई नंतर

आचऱ्याच्या दवाखान्यात सकाळी साडेआठला
मी नळ्या मांडते: निळी, तांबडी, जांभळी, करडी.
हा क्रम मोडायचा नाही.
प्रत्येकीच्या तळाशी आधीच काही पूड, काही थेंब असतो,
एकीचं औषध दुसरीत गेलं की रिपोर्ट खोटं बोलतो.
शिकत होते तेव्हा पाठच होईना,
मग पिरावाडीला वाळूवर ओढून ठेवलेल्या चार होड्या
मनातल्या मनात त्या क्रमानं रंगवल्या.
करडी शेवटी. तिला रंग द्यायला पैसे उरले नव्हते.

कान्होबा टिकम, वय एकसष्ट.
ताप सहा दिवस, पोटऱ्या ठणकतात.
चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलंय लेप्टो,
पुढे प्रश्नचिन्ह, गळासारखं वाकलेलं.

हात टेबलावर आला, वल्हं ठेवावं तसा.
दोरानं घासून घासून कातडी अशी झालेली
की शीर दिसायची सोयच नाही.
"गावाची नाय तुका," ते म्हणाले,
माझीच समजूत काढत. "मालवणाक तिघांनी टोचल्यानी."

पुस्तकात तिला मिडियन क्युबिटल म्हणतात.
फॉर्मवर वेनिपंक्चर, रजिस्टरात रक्तनमुना संकलन.
बाकावरची माणसं म्हणतात, रगात काढूक इलंव.
आणि आम्ही आपापसांत शिरांना नावं ठेवतो,
सोयरिकीतल्या बायकांना ठेवावीत तशी:
ही लोळणारी, ही भित्री, ही बसकी,
ही वरून गुबगुबीत, आत काही नाही.

"डोळ्यांनी नाही काका, बोटानं शोधायची."
"म्हंजे आमच्यासारख्याच. बोटीन."
तापातही स्वतःच्या विनोदावर हसले.

पट्टा बांधला, कोपराच्या चार बोटं वर.
मिनिटाच्या पुढे ठेवायचा नाही,
अडवलेलं रक्त दाटतं, आकडे फुगतात.
तर्जनी टेकवली.
हा ताठ दोर, तो स्नायूचा.
ही उडते ती धमनी, तिच्या वाटेला जायचं नाही.
आणि दोघांच्या मध्ये एक जागा,
दाबली की खाली जाते, सोडली की वर येते,
जाळ्याच्या बोयासारखी.

"टोचेल हं."
मुंगी चावेल असं मी सांगत नाही.
सुईचं तोंड आढ्याकडे, अंगठ्यानं कातडी ताणलेली,
एकवीस नंबर, निजायला टेकल्यागत तिरपी.
एक बारीक टप् होतं,
ते हाताला कळतं, कानाला नाही.
नळी लाल झाली.

ते सुईकडे बघतच नव्हते. पट्ट्याकडे बघत होते.
"ही गाठ आमची," म्हणाले.
होडी धक्क्याला बांधताना हीच मारतात:
टोक अर्धंच खोचलेलं,
ओढलं की एका हातानं सुटते.
"वारो इलो की दुसरो हात खय मोकळो आसता?"

फिलोमिना सिस्टरनी मला हेच शिकवलेलं, दरडावून.
आधी पट्टा, मग सुई.
उलट केलंस तर कोपर काळंनिळं,
आणि आठवडाभर तुझ्या नावानं शिव्या.
मी टोक ओढलं. हात सैल झाला, चेहराही.

जांभळी नळी हलवायची नाही, नुसती कलती करायची,
आठ वेळा, नांगरलेल्या होडीइतकी सावकाश.
जोरात हलवलं तर रक्त आतल्या आत फुटतं.

कापूस दिला. "दाबून धरा. हात दुमडू नका."
"कसा आसा माझा रगात?"
"रिपोर्ट चारला."

सव्वाअकराला यंत्र फिरून थांबलं.
तांबड्या नळीत वर जो थर येतो
तो सुकल्या गवताच्या रंगाचा हवा.
यांचा पिकल्या गऱ्यासारखा होता.
रंग पाहून बोलायचं नाही,
हेही क्रमाइतकंच पक्कं.
नळी उजेडापुढून खाली घेतली
आणि चारची वाट न बघता
डॉक्टरांचं दार वाजवलं.

परत येताना ते बाकावर दिसले.
कापूस अजून दाबून धरलेला,
पाच मिनिटांच्या जागी अडीच तास.
हात सरळ, सांगितला होता तसा.
सोडा म्हणून सांगायचं
मीच विसरले होते.